बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी चौतीस सूचना

धर्मराज भालशंकर यांच्याबद्दल मी लिहावं, असं मांजर्लीच्या वाचनालयाच्या मंडळींनी ठरवलं, तेव्हाच मी नाही म्हणायला हवं होतं. मला त्यांच्याबद्दल फार थोडं माहीत आहे. त्यांची जन्मतारीख माहीत नाही. शिक्षण किती झालं होतं, ते विचारायचं राहून गेलं. अकरा वर्षं आम्ही एका पत्र्याच्या पार्टिशनच्या दोन बाजूंना बसलो, ते टाइम ऑफिसात आणि मी टायपिंगला. पण त्यांच्या घरी मी एकूण चार-पाच वेळा गेलो असेन. सकाळी ते "जय भीम, चिंतोबा" म्हणायचे. माझं नाव चिंतामणी. पहिली तीन वर्षं मी नुसती मान हलवायचो. मग एके दिवशी माझ्याही तोंडून "जय भीम" निघून गेलं. ते कार्डं लावत राहिले. मला मात्र दिवसभर वाटत होतं की आपण फार मोठ्याने बोललो.

हे सगळं मी वाचनालयाच्या मंडळींना सांगितलं. ते म्हणाले, जेवढं माहीत आहे तेवढं लिहा. तेवढं लिहितो.

आमचा कारखाना अंबरनाथला मोरिवलीच्या बाजूला होता. पाण्याचे पंप बनायचे. धर्मराज गेटजवळच्या खोलीत टाइमकीपर होते. भिंतीवर कार्डांची फळी आणि शेजारी घड्याळ. कामगाराने आपलं कार्ड घड्याळाच्या फटीत घालायचं की वेळेचा ठसा उमटायचा. वेळेवर आला तर निळा, उशीर झाला तर लाल. लाल ठशांची यादी रोज वर पाठवायची, एवढंच टाइमकीपरचं काम. धर्मराज यादी पाठवायचेच. पण त्याआधी लाल ठशाच्या माणसाला खिडकीशी थांबवून, तो कुठून आला, कसा आला, हे विचारायचे आणि उद्या कसं यायचं ते समजावून सांगायचे.

"चिखलोलीवरून ना? मग नाल्याकडून येत जा. फाटकाकडून नको. मालगाडी आली की फाटक बंद."

"नाल्याकडून चिखल असतो, भाऊ."

"चिखलाला दोन मिनिटं. फाटकाला पंधरा."

हे ऐकून त्या माणसाला खात्यात पोचायला आणखी पंधरा मिनिटं लागायची. फोरमनने तक्रार केली होती. त्यावर धर्मराजांनी फोरमनला, साहेबांकडे तक्रार घेऊन कोणत्या वेळी जावं, ते सांगितलं.

त्यांना कशाहीबद्दल माहिती असायची. रेशन ऑफिसात कोणत्या खिडकीला उभं राहावं, सरकारी दवाखान्यात केसपेपर आधी काढावा की डॉक्टरला आधी तोंड दाखवावं, उल्हासनगरात पंखा घ्यायचा तर दुकानात कोणत्या वेळी जावं. मी बदलापूरला जागा बघतोय हे कळल्यावर ते म्हणाले, "बदलापूर घे, चांगलं आहे. पण मांजर्लीत तळमजला घेऊ नको. नदी घरात येते." मी आठ दिवसांपूर्वी मांजर्लीत तळमजलाच ठरवून आलो होतो. मी "बरं" म्हणालो. पुढे नदी दोनदा घरात आली. त्यातलं मी त्यांना एकदाचंच सांगितलं.

आता कार्यक्रमाचं सांगतो, कारण त्यांच्याबद्दल मला नीट माहीत असलेली गोष्ट ती एकच आहे.

धर्मराज तेव्हा उल्हासनगरात कॅम्प नंबर पाचमध्ये राहायचे. त्यांच्या वस्तीच्या जयंती समितीतर्फे दर मे महिन्यात शाळेच्या मैदानावर गायन पार्टीचा कार्यक्रम व्हायचा. तो शुक्रवारी ठेवायचे, कारण आमच्याकडच्या कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी. समितीचा अध्यक्ष चंदर नावाचा तरुण होता. कपाळावर केस, खिशाला दोन पेनं. शहाऐंशी साली त्याने ठरवलं की आता गायन पार्टी बस झाली, ऑर्केस्ट्रा आणायचा. धर्मराजांना मात्र बनूबाई कुर्डुवाडीकर यांना बोलवायचं होतं.

या वादाची हकीकत धर्मराजांनी मला पार्टिशनवरून सांगितली. तेव्हा मी बिलं टाइप करत होतो.

"चंदर म्हणतो, 'काका, ही बनूबाई कोण? पब्लिकला लाइटिंग पाहिजे. ड्रम पाहिजे.' मी म्हटलं, मी पंधरा वर्षांचा होतो. माढ्याकडे आमच्या गावात बाई आल्या. बैलगाडीवर उभं राहून गायल्या. माईक नाही, काही नाही. शेवटच्या माणसाला ऐकू गेलं."

"शेवटचा माणूस कोण होता?" मी विचारलं. मी सहसा प्रश्न विचारत नाही.

"मीच."

"मग चंदर काय म्हणाला?"

"म्हणाला, 'वस्तीतलं पब्लिक काय, काही पण लावा, बसतं. बाहेरून दोनशे माणूस आणून दाखवा. मग तुमची बनूबाई दर वर्षी. नाही आले, तर पुढच्या वर्षीपासून ऑर्केस्ट्रा, आणि मग तुम्ही काही बोलायचं नाही.' मी म्हटलं, लिहून दे."

"दिलं लिहून?"

"नाही. पण चारचौघांत बोलला."

बाहेरून दोनशे माणसं कुठून आणणार, हे मी विचारलं नाही. धर्मराज त्याच आठवड्यात रजा टाकून कुर्डुवाडीला गेले आणि परत येताना एक कापडी पिशवी घेऊन आले. बनूबाईंना वर्षानुवर्षं लोकांनी पाठवलेली पोस्टकार्डं होती ती. मनमाड, दौंड, भुसावळ, नाशिकरोड, पुणे. बहुतेक रेल्वेतली माणसं. 'बाई, आमच्याकडे कधी येणार', 'बाई, तुमचं गाणं ऐकून बारा वर्षं झाली', असा मजकूर. बाईंनी बहुतेकांना उत्तर दिलं नव्हतं, पण कार्डं ठेवली होती. धर्मराजांनी त्यावरून दोनशे साठ पत्ते काढले.

"यातले दोनशे येतीलच," ते म्हणाले. "फक्त त्यांना नीट सांगायला पाहिजे, यायचं कसं. इथे नवीन माणूस चुकतो."

ते खरं होतं. उल्हासनगरात निर्वासितांच्या वेळचे पाच कॅम्प, त्यात शिवाय नंबरांचे सेक्शन. कार्यक्रम उल्हासनगरात म्हणून परका माणूस उल्हासनगर स्टेशनला उतरतो, आणि कॅम्प पाच तिथून एवढा लांब की त्याला वाटतं आपण दुसऱ्या गावाला चाललोय. आमच्याकडची माणसं अंबरनाथला उतरतात. हे कुठे लिहिलेलं नाही.

म्हणून त्यांनी एक पत्रक लिहिलं: 'बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सूचना'. एकंदर चौतीस. ते मला टाइप करायला दिलं. जेवणाच्या सुट्टीत मी टायपरायटरची रिबन काढून स्टेन्सिलवर टाइप करायला बसलो. धर्मराज डबा संपवून बाजूला उभे राहायचे आणि वाचून दाखवायचे.

पहिली सूचना अशी होती: 'उल्हासनगर स्टेशनला उतरू नये. कार्यक्रम उल्हासनगरात आहे, तरीही उतरू नये.' दुसरी: 'विठ्ठलवाडीलाही उतरू नये.' तिसरीत अंबरनाथ आलं, पण पूर्वेला बाहेर पडू नये. रिक्षाला 'पाच नंबर' असं मोघम सांगू नये. रिक्षात आधीच दोघे असतील तर तिसरं बसू नये. सामान रिक्षाच्या मागे ठेवू नये. पत्ता एकाच माणसाला विचारू नये. तिघांना विचारावा आणि दोघांचा जुळेल तो धरावा. नाल्याच्या पुलावर नाक दाबू नये, आमच्या लोकांना वाईट वाटतं. नवीन चपला घालून येऊ नये. चपला मैदानाच्या कडेला काढून ठेवू नयेत, पिशवीत घालून मांडीवर घ्याव्यात. स्टेशनवरचं पाणी पिऊ नये. मैदानावरचंही पिऊ नये. कार्यक्रम सहाला आहे, पण सहाला येऊ नये, दोनला यावं. परतीची गाडी धरायची असेल तरी मधेच उठू नये, बाईंना दिसतं. वस्तीत कोणी 'जेवलात का' विचारलं तर संकोचाने 'हो' म्हणू नये.

एकतिसावी तेवढी वेगळी होती. 'कोणाही सिंधी दुकानदाराकडे बसायला मिळाल्यास तो पाण्याबरोबर पापड देईल. तो विकतचा नसतो. खावा.'

तिसरं स्टेन्सिल संपत आलं तेव्हा मला जाणवलं की हे पत्रक मला आलं असतं तर मी घरून निघालो नसतो. हे त्यांना सांगावं असं मला वाटलं. पण मी तसाही घरून निघत नाही, असंही वाटलं. दोनशे साठ माणसं माझ्यासारखी कशाला असतील? आणि धर्मराज एवढे उत्साहात होते. मी लाल फ्लुइड लावून चुका बुजवल्या आणि स्टेन्सिलं त्यांच्या हातात दिली.

सायक्लोस्टाइल करायला आम्ही कॅम्प चारमध्ये होतचंदच्या दुकानात गेलो. होतचंद म्हणजे जाड काचांचा चष्मा लावणारा म्हातारा सिंधी. त्याने पहिली प्रत उचलून उजेडात धरली आणि सगळी वाचली.

"भाऊसाहेब, यह आने का पर्चा है या ना आने का?"

"आने का," धर्मराज म्हणाले.

"अच्छा," होतचंद म्हणाला, आणि मशीन फिरवायला लागला. फिरवता फिरवता एकदा त्याने माझ्याकडे बघितलं. मी पापडाकडे बघितलं. पापड त्याने आल्या आल्याच दिला होता.

पत्रकं गेली. पंधरा दिवसांत उत्तरं यायला लागली. ती कारखान्याच्या पत्त्यावर यायची, म्हणून मला वाचायला मिळाली. मनमाडचा एक जण लिहितो: 'पत्रक मिळाले. वाचून घरात चर्चा झाली. वडिलांचे वय पाहता त्यांना पाठवणे योग्य वाटत नाही. क्षमस्व.' भुसावळचे एक निवृत्त गार्ड: 'मी अडतीस वर्षे रेल्वेत काढली, पण एवढी काळजी घेऊन कुठे गेलो नाही.' दौंडच्या एका बाईंनी लिहिलं होतं: 'इतक्या अवघड ठिकाणी आपण कुटुंबासह कसे राहता? आमच्या शुभेच्छा.'

धर्मराजांनी ते कार्ड दोनदा वाचलं.

"बाई घाबरल्या वाटतं," ते म्हणाले. "त्यांना अजून थोडं समजावून लिहायला पाहिजे." आणि दौंडला आणखी सहा सूचना गेल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी एकेचाळीस माणसं आली.

ती दोन वाजता आली. सगळी. मेच्या उन्हात शाळेच्या भिंतीच्या सावलीला रांगेने बसली, मांडीवर पिशवी, पिशवीत चपला. कोणी कोणाशी बोलत नव्हतं, कारण बाविसावी सूचना अनोळखी माणसाशी गप्पा न मारण्याबद्दल होती. वस्तीत अफवा पसरली की झोपड्या मोजायला सरकारी माणसं आली आहेत. प्रत्येकाने पत्ता तिघा-तिघांना विचारला होता. नाक्यावरच्या पानवाल्याला दुपारपर्यंत एवढ्या जणांनी विचारलं की त्याने पुठ्ठ्यावर चुन्याने बाण काढून टांगला. होतचंदच्या दुकानात, तो नंतर म्हणाला, नऊ जण येऊन बसले. त्यांना काही घ्यायचं नव्हतं. पापड खाऊन, आभार मानून गेले.

धर्मराजांच्या पत्नी रखमावहिनी आणि शेजारच्या सुंदराबाई कौतुकाने चौकशी करायला आल्या.

"जेवलात का, पाव्हणं?"

"नाही," एकेचाळीस जण म्हणाले.

त्यातले निम्मे तरी कल्याणला जेवून आले होते, असं एकाने मला पुढे सांगितलं. पण सूचना होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"आता काय करतीस, रखमा?"

"करायचं काय? परात काढ. आमच्या मालकांनीच लिवून कळवलंय त्यांना."

तीन घरांच्या चुली पेटल्या. पिठलं-भाकरी झाली. चंदर मोटरसायकलवरून आला, रांग बघितली, बोटांनी मोजली आणि म्हणाला, "काका कुठेयत?"

धर्मराज अंबरनाथ स्टेशनवर होते. सकाळी दहापासून. हातात पुठ्ठ्याचा बोर्ड: 'बनूबाई कुर्डुवाडीकर - इकडे'.

बनूबाई साडेसहाला स्टेजवर आल्या. तेव्हा त्या पन्नाशीपुढच्या असतील. पांढरं पातळ, कपाळ मोकळं, हार्मोनियमवर एक भाऊ, ढोलकीवर दुसरा. वस्तीतली माणसंही जमली होती, मैदान तसं भरलेलं दिसत होतं. मी मागच्या बाजूला बसणार, तेवढ्यात रखमावहिनी पिठाच्या हातांनी आल्या.

"भाऊजी, त्यांना घेऊन या की. सुरू झालं म्हणावं."

"येतील की ते."

"न्हाई यायचे. एकाहत्तर साली असंच झालं." मग त्यांनी उभ्या उभ्या मला सांगितलं. धर्मराज गावाहून या बाजूला पहिल्यांदा आले ते नोकरीसाठी नाही, बनूबाईंचं गाणं ऐकायला. उल्हासनगर स्टेशनला उतरले. रिक्षात तिसरे बसले. एका माणसाला पत्ता विचारला, त्याने सांगितला तिकडे गेले. चपला नव्या होत्या, पाय सोलले, मग त्या हातात घेतल्या, मग कुठेतरी विसरल्या. स्टेशनवरचं पाणी प्याले. मैदानावर पोचले तेव्हा माणसं सतरंज्या गुंडाळत होती. गावाकडे परत जायची लाज वाटली म्हणून इथेच काम शोधलं. "पंधरा वर्सं झाली," रखमावहिनी म्हणाल्या. "बाई पुन्हा इकडं आल्या त्या आजच."

म्हणजे चौतीस सूचना एकाच दिवसाच्या होत्या. एकतिसावीसुद्धा. त्या दिवशी त्यांना एका सिंध्याने दुकानात बसवलं होतं.

मी स्टेशनवर गेलो. ते पश्चिमेच्या जिन्याखाली उभे होते, बोर्ड छातीशी धरून.

"भाऊ, चला. सुरू झालं."

"किती आलेत?"

"एकेचाळीस."

"दोनशे साठ पत्रकं गेली, चिंतोबा. कल्याणहून सात दहाची गाडी येतेय. मनमाडची माणसं त्याच गाडीने येतील."

सात दहाची आली. त्यातून कारखान्यातले दोघे उतरले आणि "काय भाऊ, कोण पावणे?" म्हणून गेले. मग सात चाळीसची. मग आठ वीसची. मला सांगायचं होतं की कोणी येणार नाही, आणि का येणार नाही तेही मला टाइप करतानाच कळलं होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "तुम्ही बसा जरा, बोर्ड मी धरतो."

"नको," ते म्हणाले. "तुला लोक ओळखत नाहीत."

त्यांनाही मनमाडची माणसं ओळखत नव्हती. आलेले एकेचाळीस जण नऊ पन्नासच्या गाडीने परत निघाले तेव्हा आम्ही दोघे तिथेच होतो. ते फार खूश होते. बाईंनी तीन तास गायलं होतं. एका म्हाताऱ्याने धर्मराजांचे हात धरले आणि म्हणाला, "साहेब, एवढी व्यवस्था कुठे बघितली नाही."

पुढच्या वर्षी ऑर्केस्ट्रा आला. चंदर शब्दाचा पक्का होता. धर्मराजांनी काही म्हटलं नाही. कार्यक्रमाच्या दिवशी त्यांनी ऑर्केस्ट्राच्या टेम्पोला मैदानात कुठून वळायचं ते सांगितलं, असं मी ऐकलं.

त्र्याण्णव साली आमचा कारखाना बंद झाला. धर्मराज बदलापूरला मांजर्लीतच आले राहायला, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. दुसरा मजला. माझा तळमजला त्यांनी तेव्हा बघितला. भिंतीवरची पुराची रेघही बघितली. पुराची गोष्ट त्यांनी काढली नाही. "हवा चांगली येते," म्हणाले. मला फार बरं वाटलं आणि फार वाईटही वाटलं.

शहाण्णवच्या नोव्हेंबरात ते जिना चढताना थांबायला लागले. डॉक्टरांनी फार चालायचं नाही, धावपळ नको, असं सांगितलं. एका सकाळी त्यांनी मला निरोप पाठवून बोलावलं. कॉटवर बसले होते, शेजारी कागद. बनूबाईंचं पत्र आलं होतं. गाणं आता सोडल्यासारखंच आहे, पण मुलीकडे कल्याणला येते आहे, भेटून जाईन.

"भेटायला कशाला," धर्मराज म्हणाले. "गायलाच बोलावू. आपल्या बिल्डिंगच्या अंगणात. रविवारी चार वाजता, उन्हाचंच. त्या एकेचाळिसांना कळवू. जिवंत असतील ते येतील. हे बघ, मी लिहून ठेवलंय."

त्यांनी कागद पुढे केला. बावीस सूचना होत्या. पहिली 'बदलापूर पूर्वेला उतरू नये'.

मी तो वाचला. शहाऐंशी साली मी गप्प बसलो होतो आणि त्यानंतर दहा वर्षं जेव्हा जेव्हा ऑर्केस्ट्राचा आवाज ऐकला तेव्हा मला ते आठवलं होतं. मी म्हणालो, "भाऊ, हे नको."

"काय नको?"

"हे सगळं. हे वाचून कोणी येणार नाही. मागच्या वेळी पण याच्यामुळेच आले नाहीत. मला तेव्हाच कळलं होतं."

आत रखमावहिनींनी भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"धीर झाला नाही."

"दहा वर्षं?"

"हो."

"टायपिस्ट आहेस की मुका?" ते म्हणाले. रागावले होते की नाही, मला अजून कळलेलं नाही. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, घडी केली. "मग काय लिहायचं?"

"बनूबाई गाणार आहेत. रविवारी चार वाजता. बदलापूर स्टेशनवर माणूस उभा असेल."

"आणि?"

"बस."

"माणूस कोण? मला तर हिने उंबऱ्याबाहेर सोडायचं नाही असं ठरवलंय."

"बरोबर ठरवलंय," रखमावहिनी आतून म्हणाल्या.

"मी उभा राहतो," मी म्हणालो.

"तू? तू अनोळखी माणसाशी बोलत नाहीस."

"बोर्ड धरायचाय. बोलायचं नाहीये."

धर्मराज हसले. त्यांना हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही. "आणि गाणं? तुझं हुकेल."

"मला गाण्यातलं काही कळत नाही," मी म्हणालो, आणि ते खरं आहे.

पोस्टकार्डं हातानेच लिहिली. डिसेंबरातला दुसरा रविवार. मी एक वाजल्यापासून बदलापूर स्टेशनच्या पश्चिमेला बोर्ड घेऊन उभा राहिलो. पहिला अर्धा तास मी बोर्ड उलटा धरला होता, हे एका भाजीवालीने सांगितलं. मग माणसं यायला लागली. काही जुनी होती, काहींबरोबर मुलं, सुना. एक म्हातारा जवळ येऊन हळूच म्हणाला, "चपला पिशवीत घालायच्या का?" मी म्हणालो, "नका घालू." मी त्यांना रिक्षात बसवत होतो, रिक्षावाल्याला मांजर्लीचा पत्ता सांगत होतो, आणि मधूनमधून मला कळत होतं की मी बोलतोय. चार वाजले. पुण्याकडची काही माणसं कर्जतला गाडी बदलून उशिरा येणार असतील असं वाटून मी थांबलो. पाच वाजता तिघे आले. मग कोणी आलं नाही, पण मी पावणेसातपर्यंत तिथेच होतो.

पुढचं आधी सांगून टाकतो. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा धर्मराज बाईंना रिक्षातून कल्याणला सोडायला गेले होते, रखमावहिनी नको म्हणत असताना. त्यामुळे भेट झाली नाही. त्याच रात्री मी बहिणीच्या आजारपणासाठी चिपळूणला गेलो. सतरा दिवसांनी परत आलो तर कळलं की चार दिवसांपूर्वी सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या ते गेले. मला कळवायला माझा तिकडचा पत्ता कोणाकडे नव्हता. मी तो कोणाला दिला नव्हता.

म्हणून आमचं शेवटचं बोलणं त्या रविवारचंच. मी स्टेशनवरून आलो तेव्हा सव्वासात झाले होते. माणसं पांगली होती. बनूबाई वर रखमावहिनींशी बोलत बसल्या होत्या. धर्मराज अंगणात पुढच्या सतरंजीवर एकटेच मांडी घालून बसले होते. समोर दोन बाकं जोडून केलेलं स्टेज रिकामं होतं. मी बोर्ड भिंतीला टेकवला.

"किती आले रे?" त्यांनी विचारलं.

"सव्वीस. तुम्ही नाही मोजले?"

"नाही. माझी पाठ होती त्यांच्याकडे."

"कसं झालं?"

"तीन गाणी झाली. चौथ्याला बाईंचा आवाज बसला. मग नुसत्या बोलल्या, पाऊण तास. बरं झालं."

ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि सतरंजीचं एक टोक उचलायला वाकले. मी दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून एक घडी घातली.

"या उद्या मंडपवाल्याला परत द्यायच्यात," ते म्हणाले. "येशील का हात लावायला?"

"येतो."

"दहानंतर ये. त्याआधी तो दुकान उघडत नाही."

"बरं," मी म्हणालो.